दोन जिवांची बाई आणि खडी केंद्राची धूळ

मागच्या अंकाची जुळवाजुळव चालू होती तेव्हा आपल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं आम्हाला तोंडावरच विचारलं, "जमिनीच्या पत्रकात ही बाळंतपणाची भानगड कामून आणता? दाव्यांचं काय झालं ते लिहा की." त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. चार पानांचं पत्रक, स्टेन्सिल कापायला एकच माणूस, आणि गावोगाव वनहक्काचे दावे पडून. तरी या वेळी आम्ही हट्टानं ही जागा घेतली आहे. का घेतली, ते शेवटपर्यंत वाचलं तर कळेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं, आणि बायांमध्ये बसून दाखवावं.

किनवट तालुक्यातल्या आपल्या एका गावातलं जोडपं दंडारी आटोपल्यावर लातूर बाजूला खडी केंद्रावर गेलं. बाई तेव्हा तीन महिन्यांची. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर मुकादमानं उचल दिली नसती. शिमग्याच्या आधी परत आली ती बाळंत होऊनच. दिवस भरले नव्हते. लेकरू एक किलो आठशे ग्रॅमचं. वाचलं, हे नशीब म्हणा. अंगणवाडीताईनं वजन केलं, कार्डावर लाल खूण केली, आणि कारण म्हणून आईचं खाणंपिणं कमी असल्याचं लिहिलं. ताईची चूक नाही. तिच्या रजिस्टरात आईचं वय आहे, रक्त किती टक्के आहे, हे कितवं बाळंतपण आहे, सगळं आहे. "बाई पाच महिने कुठं होती, काय काम करत होती, दिवसभर कशात श्वास घेत होती," हा रकाना त्यात नाही. दवाखान्याच्या कागदातही नाही. मुकादमाच्या वहीत तर बाईचं नावच नाही, तिथं नवऱ्याचं नाव आणि पुढं "जोडी" एवढंच.

आम्ही त्या बाईला विचारलं, काम काय होतं? ती म्हणाली, "पट्ट्याखाली सांडलेली बारीक भुकटी फावड्यानं ओढायची अन् टोपल्यात भरायची. हलकं काम म्हणून मला दिलं." हलकं काम! टोपलं हलकं होतं हे खरं. पण अख्ख्या केंद्रात सगळ्यात जास्त धूळ असती ती नेमकी तिथंच.

आता ही धूळ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपण ज्या धुळीला धूळ म्हणतो, जी डोळ्यात जाते, केसावर बसते, संध्याकाळी आंघोळीला पाणी गढूळ करते, ती तशी कमी धोक्याची. ती नाकात अडकते, शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडते. धोका आहे तो डोळ्याला न दिसणाऱ्या धुळीचा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकाला चुकवून श्वासनळीत उतरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसाच्या अगदी तळाशी, जिथं हवेतला प्राणवायू रक्तात जातो तिथवर पोचतात. आणि त्याहूनही कितीतरी बारीक जे असतात, त्यातले काही रक्तात शिरतात. तोंडाला पदर बांधला, दस्ती बांधली, तरी हे कण विणीतून आरपार जातात. पदरानं मोठी धूळ अडते आणि बाईला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

बाईच्या रक्तात गेलेलं पोटातल्या लेकरापर्यंत जातं का? आपल्या म्हाताऱ्या सुईणी म्हणायच्या, वार हीच लेकराची चाळणी, वाईट ते अडवते. बऱ्याच गोष्टी वार अडवते हे खरंच आहे. पण २०१९ साली बेल्जियम देशातल्या हॅसेल्ट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी बाळंत झालेल्या बायांच्या वारा तपासल्या. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या वारेत काजळीचे बारीक कण सापडले, आणि तेही लेकराच्या बाजूला. पुढं २०२२ साली त्यांनीच स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांबरोबर दाखवलं की पोटातल्या गर्भाच्या काळजात, फुप्फुसात, मेंदूतसुद्धा हे कण पोचलेले असतात, आणि तेही पहिल्या तीन महिन्यांपासून. म्हणजे ज्या महिन्यांत बाई अजून कुणाला सांगतही नाही, त्याच महिन्यांपासून.

कण सगळेच्या सगळे लेकरापर्यंत पोचायलाच पाहिजेत असंही नाही. ते आईच्या फुप्फुसात बसले तरी अंगात दाह राहतो, रक्तवाहिन्यांवर ताण येतो, वारेतून लेकराला मिळणारं रक्त कमी पडू शकतं. झाडाला पाणी देणारी चारी गाळानं भरली तर झाड मरत नाही, पण वाढत नाही; तसंच. धूर असला तर त्यातला विषारी वायू आईच्या रक्तातली प्राणवायूची जागाच अडवून बसतो. मग लेकरू वेळेआधी येतं, किंवा वेळेवर येऊनही अडीच किलोच्या आत राहतं. अडीच किलो ही जगभरातल्या डॉक्टरांनी मानलेली रेघ आहे. त्याखालचं लेकरू पहिल्या महिन्यात जास्त दगावतं, आणि जगलं तरी आजारांना लवकर बळी पडतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या कुणी साहेब उठून आम्हाला खोटं पाडील. बायकांचं काम, कामावरची बारीक धूळ आणि लेकराचं वजन यावरचा मोठा अभ्यास झाला तो आपल्याकडं नाही, स्वीडनमध्ये. १९९४ ते २०१२ या काळातल्या जवळपास दहा लाख बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या बाया लोखंडाच्या बारीक कणांत आणि वेल्डिंगच्या धुरात जास्त काम करत होत्या, त्यांची लेकरं कमी वजनाची आणि कमी दिवसांची होण्याचा धोका जास्त निघाला. दगड आणि सिमेंट-काँक्रीटच्या धुळीत मात्र त्यांना तसा वाढलेला धोका दिसला नाही.

मग आम्ही खडी केंद्राबद्दल का ओरडतो? एक म्हणजे, तिथली दगडाच्या कामावरची बाई आणि आपली बाई एका मापात मोजता येत नाही. तिथं यंत्राला पाण्याचे फवारे, कामाचे तास बांधलेले, पोट भरलेलं. आपली बाई बारा तास पट्ट्याखाली, अंगात रक्त कमी, रात्री झोपायला जागा तीच धुळीतली पालं. दुसरं, त्याच अभ्यासातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. धोका वाढलेला दिसला तो पोटुशी असताना ज्यांनी कामावरून कमी सुट्ट्या घेतल्या त्या बायांमध्ये. म्हणजे औषध ठाऊक आहे. ते दवाखान्यात मिळत नाही, हजेरीपत्रकात मिळतं. धुळीतून बाईला बाहेर काढणं, आणि पगार न कापता काढणं.

आणि तिसरं. दगडाची धूळ लेकराला काय करते यावर वाद असेल, आईला काय करते यावर वाद नाही. दगडात गारगोटीचा अंश असतो, त्याला सिलिका म्हणतात. त्याची बारीक भुकटी फुप्फुसात बसली की फुप्फुस आतून दगडासारखं घट्ट होत जातं. त्यावर औषध नाही. त्यात टीबी लवकर धरतो. लातूरकडचा काळा कातळ तसा कमी गारेचा आहे, पण देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाईट आहे, त्याच्यात गार भरपूर. तिकडच्या केंद्रावर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आईचा श्वासच तोकडा पडला तर पोटातल्या लेकराला तो कुठून मिळणार, हे समजायला स्वीडनला जायची गरज नाही.

खडी केंद्राचंच नाव आम्ही घेतलं, पण आपल्या बाया धुळीच्या आणखी किती कामांवर जातात बघा. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होताना हवेत जी लव उडते ती फुप्फुसात जाते. सुट्टीनंतर पुन्हा कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती दाटते, ती त्यानंच. लातूर-उदगीरच्या डाळ मिलमध्ये टरफलाची भुकटी. वीटभट्टीवर तर धूळ आणि धूर दोन्ही, भट्टीत कोळशाबरोबर काय काय जाळतात ते मालकालाच माहीत. आपण इथून तोडून दिलेला तेंदू तिकडं निजामाबाद, जगत्यालला आणि सोलापूरला जातो, तिथं बाया घरात बसून विड्या वळतात, मांडीवरच्या सुपात तंबाखूची भुकटी आणि बाजूला झोळीत लेकरू. त्या बाया आपल्या नात्यागोत्यातल्या नसतील, पण पान आपलंच आहे.

"आणि घरच्या चुलीचं काय?" असं पुरुष मंडळी लगेच विचारतात. बरोबर आहे. चुलीचा धूर हीसुद्धा बारीक कणांचीच धूळ आहे, आणि स्वैपाक हेही कामच आहे, त्याची फक्त मजुरी मिळत नाही. पण सरकार जसं सांगतं की गॅस दिला, प्रश्न संपला, तसं नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून तीन हजारांवर गरोदर बायांवर एक मोठी चाचणी झाली. भारतातली गावं तमिळनाडूतली होती. निम्म्या बायांना गॅस आणि सिलिंडर फुकट दिलं, निम्म्या चुलीवरच राहिल्या. धूर खूप कमी झाला. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा लेकरांच्या वजनात म्हणावा असा फरक दिसला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा आम्ही घेत नाही. एकतर गॅस आला तो दिवस गेल्यावर दोन-चार महिन्यांनी. दुसरं, लेकराचं वजन एका दोरीवर टांगलेलं नसतं. भूक, पांढरंफटक रक्त, हिवताप, डोक्यावरचं ओझं, ऊन, आणि आईचं स्वतःचं वय, या सगळ्या दोऱ्या एकत्र ओढतात. म्हणून एक सिलिंडर देऊन किंवा एक मास्क वाटून हे भागणार नाही. आम्हाला मास्क वाटपाचे फोटो नकोत. एप्रिलच्या उन्हात, पट्ट्याखाली, पोटुशा बाईनं तो घट्ट मास्क बारा तास घालून दाखवावा असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतः एक तास घालावा.

आपल्यातल्या जाणत्या बाया मात्र वेगळंच बोलतात. मागच्या बैठकीत एक आत्या म्हणाल्या, "आम्ही सुद्धा शेतातच बाळंत झालो. विळा टाकला, लेकरू उचललं, घरी आलो. तुम्ही आताच्या पोरी लई नाजूक." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण आत्या, तुम्ही बाळंत झालात ते शेतात, मोहाच्या सावलीत. तिथं हवा होती. दमलं की बसायला बांध होता आणि 'ऊठ' म्हणणारा मुकादम नव्हता. आणि तुमची किती लेकरं राहिली आणि किती गेली, हेही त्याच बैठकीत तुम्हीच नंतर हळू आवाजात सांगितलंत.

आता मागणी काय करायची? इथं आमच्यातच दोन मतं आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. काही साथी म्हणतात, गरोदर बाईला धुळीच्या कामावर बंदीच घाला. ऐकायला छान वाटतं. पण उद्या अशी बंदी आली तर मुकादम काय करील? जिचं पोट दिसतं तिला घेणार नाही, आणि जिचं दिसत नाही तिला लपवायला लावील. जोडी मोडली तर नवऱ्यालाही काम नाही. उचल तर अंगावर असतेच. बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्याचं २०१९ साली उघड झालं, विधान परिषदेत गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या बायांना कुणी बांधून नेलं नव्हतं. एक दिवसाचा खाडा पडला की दंड, पाळी आली तरी खाडा, पोटात दुखलं तरी खाडा. मग पिशवीच नको, असं गणित त्यांच्या गळी उतरलं. कामाला अडचण नको म्हणून बाईनं आपलं अंगच कापून दिलं. आपण नुसती बंदी मागितली तर तेच गणित आपल्या बायांपुढं येईल. म्हणून आमचं मत बंदीच्या बाजूचं नाही. आमचं मत आहे, बाई कामावर राहील, मजुरी पूर्ण राहील, पण धुळीतून ती बाहेर असेल.

हे आम्ही आकाशातून आणलेलं नाही. युरोपातल्या देशांनी १९९२ मध्ये असा नियम केला आहे: बाई गरोदर असल्याचं कळलं की आधी मालकानं कामाची जागा तपासायची; धोका असला तर कामाची पद्धत बदलायची; ती बदलता येत नसेल तर तिला दुसरं काम द्यायचं; तेही नसेल तर सुट्टी द्यायची, आणि त्या काळात तिच्या पोटाची सोय बघायची. पायरी उलटी चढायची नाही. पहिलीच पायरी बाईला घरी पाठवण्याची असेल तर ती सुट्टी नव्हे, हकालपट्टी.

आपल्या देशात कायदा नाही असं समजू नका. १९६१ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा आला. वर्षभरात ऐंशी दिवस काम भरलं की बाई त्याला पात्र होते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मोजा, सव्वाशेच्या वर दिवस भरतात. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. कारखान्यात हवेतली धूळ ओढून काढायची जबाबदारी मालकाची, हे १९४८ च्या कारखाना कायद्यानं ठरवलं. खडी केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते; पाण्याचे फवारे, पट्ट्यांवर पत्र्याची झाकणं, वारा अडवणारी भिंत, हे सगळं नियमात लिहिलेलं आहे. फवारे बसवलेले असतात सुद्धा. साहेब येणार असला की चालू होतात. दगड फोडणारा, खडी बारीक करणारा मजूर बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंदता येतो, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंदणी झालेल्या बाईला साध्या बाळंतपणाला पंधरा हजार आणि पोट फाडून झालेल्याला वीस हजार मिळतात.

सगळं आहे. एकच गोष्ट नाही, बाईचं नाव. हजेरीवर तिचं नाव नाही, तर ती तिथं नव्हतीच. वीटभट्टीवर हजार विटांचा दर जोडीला, खडीवर ब्रासचा दर जोडीला, ऊसतोडीत तर माणसाला कोयताच म्हणतात. जोडीतली बाई कायद्याच्या दारात गेली तर दारवान विचारतो, तू कोण?

नाव कागदावर असण्यानं काय होतं त्याचा एक दाखला देतो, आणि तो आपल्यासारख्याच आदिवासींचा आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, आलिराजपूर, धार या जिल्ह्यांतले भिल-भिलाला लोक गुजरातमध्ये गोध्रा बाजूला गारगोटी दळायच्या कारखान्यांत जात. काही महिने काम केलं, घरी आले, आणि खोकून खोकून मेले. घरंच्या घरं ओस पडली. गावात म्हणायचे टीबी झाला, कुणी म्हणायचं करणी. मग तिथल्या लोकांनी, सिलिकोसिस पीडित संघ आणि इतर संघटनांनी, गावोगाव याद्या केल्या. कोण गेला, कुठल्या कारखान्यात, किती महिने, कधी आजारी पडला, कधी मेला. मालकाकडं हजेरीचा कागद नव्हता, पण गावाकडं होता. प्रकरण मानवी हक्क आयोगात गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१६ साली गुजरात सरकारला मेलेल्या २३८ जणांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायचा आदेश झाला. मेलेलं माणूस तीन लाखांत परत येत नाही. पण "आमच्याकडं असं कुणी कामाला नव्हतंच" हे म्हणायची सोय उरली नाही.

आपल्याकडं अशी यादी आहे का? आम्ही मागच्या महिन्यात चार गावांत फिरून विचारलं. किती जोड्या बाहेर गेल्या हे सरपंचांना अंदाजानं माहीत. त्यात बाया गरोदर किती, कुणालाच माहीत नाही. गमतीची गोष्ट अशी की सरकारला लातूर शहराच्या हवेची काळजी आहे. देशभरातल्या जास्त प्रदूषित शहरांच्या यादीत लातूरचं नाव आहे, २०१९ पासून हवा सुधारण्याचा कार्यक्रम आहे. एका घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनचे कण दिवसाच्या सरासरीनं साठ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत असं आपलं सरकारी माप आहे. जागतिक आरोग्य संघटना तर पंधराच म्हणते. शहरात ते मोजायला यंत्र असतं. शहराबाहेरच्या पट्ट्याखाली, जिथं आपली बाई वाकलेली असते, तिथलं माप कोण घेतं?

आता सुरुवातीच्या साथीच्या प्रश्नाकडं येतो. जमिनीच्या पत्रकात हे कशाला?

तर ती बाई दंडारीनंतर खडी केंद्रावर का गेली ते बघा. तिच्या सासऱ्यानं कसलेली जमीन जंगलाची. २००६ चा कायदा आला, दावा केला, एकदा नामंजूर झाला, पुन्हा अपील, अजून पडून. पट्टा नाही म्हणून विहीर नाही, बँकेचं कर्ज नाही, पाइपलाइन नाही. एक कापसाचं नाहीतर ज्वारीचं पीक, ते पण डुकरं ठेवतील तेवढं. दिवाळीला घरात काही उरत नाही. रोजगार हमीचं काम मागितलं तर पावती मिळत नाही, काम निघालं तर पैसे दोन महिन्यांनी. मुकादमाची उचल मात्र हातात रोख. जिच्या घराला ओलिताची दोन एकर आहेत, ती बाई पोटात लेकरू घेऊन लातूरला जात नाही. असा एक तरी दाखला उलटा असला तर आम्हाला दाखवा.

आणखी एक. आपली गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथं अंगणवाडीत गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांपासून अमृत आहाराचं एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ती गावात असली तर. लातूरच्या पालावर ते मिळत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत लेकरू पोटात सगळ्यात जास्त भरतं, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या हक्काचं ताट इथं राहतं आणि ती तिथं धूळ खाते.

जरा कडू आहे, पण आपल्याच गावांबद्दलही बोललं पाहिजे. पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रात दगड, मुरूम, वाळूसारख्या गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर आधी ग्रामसभेची शिफारस लागते. आपल्या भागात खाणीला आणि खडी केंद्राला ठराव देताना काही ग्रामसभांनी काय विचारलं? देवळाला किती देणार, रस्ता करून देणार का, पोरांना काम देणार का. धूळ कुणीकडं उडणार, अंगणवाडी वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे कुणी विचारलं नाही. बाया सभेत होत्या का? सह्या होत्या. आम्हीही त्या वेळी गप्प बसलो, रस्त्याचा आम्हालाही मोह पडला होता.

म्हणून आमचं म्हणणं आहे की या वर्षी टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक ग्रामसभेनं एक वही घालावी. शंभर पानी, साधी. कोण निघालं, बाईचं नाव वेगळं, तिच्या नवऱ्याच्या नावामागं नाही. कुठल्या जिल्ह्यात, कसलं काम, मुकादम कोण, उचल किती. बाईला दिवस गेले असतील तर ते तिनं सांगितलं तरच आणि आशाताईकडंच लिहावं, चारचौघांत नाही. नाहीतर ही वहीच तिचं काम घालवील. परत आल्यावर लेकराचं वजन त्याच ओळीत. दोन-तीन हंगामांत आपल्या हातात असा कागद येईल जो आज ना जिल्हा परिषदेकडं आहे ना कामगार कार्यालयाकडं.

मुकादमाला ग्रामसभेत बोलावून उचलीच्या आधीच ठरवून घ्यावं. तोही आपल्यातलाच असतो, आपल्या लग्नात जेवतो, त्याला हे बोलता येतं. हजेरीवर बाईचं नाव. पट्ट्याखालची भुकटी ओढायचं काम गरोदर बाईला नाही. ते काम आहे तर फवारा चालू करून, आणि पाळीपाळीनं. पालं वाऱ्याच्या वरच्या अंगाला. दवाखान्यात गेलेला दिवस खाडा नाही. स्वैपाकाचं, पाणी भरायचं, गाड्यांची नोंद ठेवायचं काम असतंच. आपल्या पोरी आता शिकलेल्या आहेत, गाड्या मोजायला येतात त्यांना. मालक म्हणेल जमत नाही. एका गावानं म्हटलं तर जमणारच नाही. दहा गावांनी म्हटलं तर दिवाळीनंतर त्याला माणसं कुठून मिळतात ते बघू.

त्या बाईचं लेकरू आता सव्वा वर्षाचं आहे. चालायला लागलं नाही अजून, पण धरून उभं राहतं. तिचा नवरा या वर्षी पुन्हा उचल घ्यायची म्हणतो, मागच्या वर्षीचीच फिटली नाही. ती म्हणाली, "जाईन, पण पट्ट्याखाली नाही जाणार. तुम्ही सभेत सांगा, मी पण सांगते." पुढच्या सभेत ती बोलणार आहे. त्या दिवशी बायांनी पुढं बसावं, आणि पुरुषांनी चहाच्या नावानं उठून जाऊ नये.